डाव्या क्रँकावरील स्वारीचे वर्तमान

श्री अंबाबाई समर्थ. विश्वावसुनाम संवत्सरी, पौष मासी, करवीर क्षेत्री, मुक्काम फुलेवाडी येथे जे घडले ते लिहितो. लिहिणार आम्ही समोरचे माडीवरील भाडेकरू, कोणाचे मिंधे नाही. चार दिवस आमचे कान किटले, त्या कानांस स्मरून सांगतो की यांत एक अक्षर पदरचे नाही. पूर्वी लोक गड घेत, मग त्यांच्या बखरी होत. हल्ली सायकलीचा एक दांडा निघत नाही आणि त्यासही बखर लागते, काळच ऐसा आला, त्यास आमचा इलाज नाही.

तर राजश्री उदयसिंहराव, पिराजीरावांचे थोरले चिरंजीव, वय बेचाळीस, हुद्दा पतसंस्थेत शाखाधिकारी, पोट हुद्द्याहून मोठे. डॉक्टरांनी डोळे वटारिले तेव्हां सायकल खरीदली, आणि पहिल्याच स्वारीत गतिरोधकावर ऐसे आदळले की डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांड्याचे टोकास बसते तो दांडा, वाकला. मग नवा क्रँक कुरिअरने मागविला आणि सायकल गल्लीचे तोंडाशी आकाराम मिस्त्रीकडे नेली. क्रँक उपटावयास पुलर नामे मुठीएवढे हत्यार लागते, ते मिस्त्रीपाशी होते, काम दोन मिनिटांचे. परंतु मिस्त्री तोंडाचा फटकळ. त्याने सायकलीकडे पाहिले, मग रावांकडे पाहिले, आणि बोलिला की, "क्रँकचा काय दोष न्हाय सायेब, त्येनं बिचाऱ्यानं सोसायचं तरी किती?" दुकानी बसलेली चार टाळकी हसली आणि रावांची बेइज्जत जाहली. तैसीच सायकल ढकलीत हुजूर घरास आले.

तो बुधवार, मटणाचा वार. सौभाग्यवती वर्षाराणीसाहेब पाट्यावर मसाला वाटीत होत्या. राव देवघरापुढे उभे राहिले आणि अवघ्या गल्लीस ऐकू जाईल ऐसे फर्मान सोडिले की, "पुलर न्हाय, मिस्त्री न्हाय! ह्यो क्रँक निघाल्याबिगर ह्या घरात मटण शिजणार न्हाय, आनि ह्या हातानं काढल्याबिगर मी मटणाला शिवणार न्हाय. अंबाबाईची आण!" आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालीत होतो, शब्द न् शब्द कानी आला. एक शपथ पुरे होती, परंतु खाशांस जोर चढला म्हणून दोन घेतल्या. आणलेले मटण आमचे घरी धाडण्यात आले, त्याबद्दल तक्रार नाही.

शपथ ऐकोन पिराजीराव मटकन खाली बसले. कारण त्यांची कन्या प्रियदर्शनी नुकतीच कागलास दिली होती, आणि तिचे सासरची मंडळी रविवारी पहिल्यानेच पंगतीस येणार होती. कागलचे व्याही कोल्हापुरी यावे आणि त्यांचे पुढे दोडका वाढावा, त्यापरीस घरास कुलूप घालोन परागंदा व्हावे ते बरे. म्हातारा तळतळून बोलिला की, "लेका, शपथ घ्यायच्या आदी कॅलेंडर तरी बघायचं हुतंस!" परंतु देवीची आण, मागे कैसी घ्यावी? रविवारपावेतो क्रँक न निघाल्यास घराण्याची अब्रू गेली, हे सर्वांस ठाऊक जाहले.

गुरुवारी मोहीम सुरू जाहली. चौदा नंबरचा पाना लावोन क्रँक आवळोन धरणारे दोन्ही बाजूंचे बोल्ट काढिले, ते वाटीत घालोन देवापुढे ठेविले. चार दिवसांत रावांचे हातून फत्ते पावलेले काम तेवढेच, पुढे ते कामास आले, परंतु ते कैसे ते रावांस वेळ टळल्यावर कळले. मग सायकल आडवी घालोन, भिंतीस पाय देवोन क्रँक ओढिला, आणि घामाघूम होवोन उताणे पडिले. मग खोबरेल तेल ओतिले, त्यावर कढत पाणी ओतिले, आणि अंगण ऐसे निसरडे जाहले की पिराजीराव दोनदा घसरले. क्रँक ढिम्म.

शुक्रवारी हातोडा सापडेना, म्हणोन हुजुरांनी पाट्यावरचा वरवंटा उचलिला. ज्या वरवंट्याने तीन पिढ्या तांबड्या रश्श्याचा मसाला वाटिला, त्याने लोखंड बडविणे, ही अक्कल पतसंस्थेत मिळते की उपजतच असते, हे आम्हांस ठाऊक नाही. सहा घाव घातले आणि वरवंट्याचा टवका उडाला. तेव्हां वर्षाराणीसाहेब पदर खोचोन बाहेर आल्या आणि हुकूम केला की, "आता पाट्याला हात लावशीला तर क्रँकच्या आदी तुमचं मनगाट निघंल, सांगून ठेवते!" राव वरवंटा ठेवोन आंघोळीस गेले.

शनिवारी कुमक आली. वर्षाराणीसाहेबांचे बंधू ऋतुराज, शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत कामास, ते मोटारसायकलीवर पाच किलोचा घण बांधोन दाखल जाहले. आल्या आल्या बाह्या सरसाविल्या आणि बोलिले, "दाजी, सरका. एकच दणका." दणका ऐसा बसला की सायकल उडोन बादलीवर पडली, बादली फुटली, आमचे गॅलरीतील कबुतरे उडाली. क्रँकास पोचा आला, जागा सोडिली नाही. मग मेहुणे तीन बशा पोहे खावोन, "मटेरियल मातूर एक नंबर हाय दाजी," ऐसा निवाडा देवोन, घणासह माघारी गेले. ज्याचे पारिपत्य करावयाचे त्याचीच तारीफ करोन जाणारी कुमक आम्ही प्रथमच पाहिली.

रविवारी पहाटेच रावांनी मनातून हार खाल्ली. स्कूटर काढिली, पिशवी घेतली, आणि गुपचूप मंडईस वांगी आणावयास कूच केले. इकडे घरात दूध नाही, पाव्हणे बाराचे ठोक्यास येणार, स्कूटर जागेवर नाही. वर्षाराणीसाहेबांनी एकवार दाराकडे पाहिले, एकवार सायकलीकडे पाहिले, आणि बरणी हँडलास अडकवोन स्वार जाहल्या. बोल्ट देवापुढे वाटीतच होते. गंगावेशीचे दूध कट्ट्यावर म्हशीचे ताजे दूध घेतले आणि चढावर उभ्याने पायडल मारीत परत फिरल्या. वाटेत डावा क्रँक डुगडुगू लागला. त्यांनी दोन शिव्या घातल्या, कोणास ते लिहिणे नको, आणि आणखी जोर केला. नेमके आकारामाचे दुकानापुढे क्रँक पायडलासकट निघोन रस्त्यावर पडला. बाईंनी पाय टेकिला, दूध एक थेंब सांडले नाही.

आकाराम शटर वर करीत होता, तो धावत आला. म्हणाला, "वैनी, बोल्ट काढून चालवलासा व्हय? झकास केलंसा! पुलर नसला की आमी बी ह्योच उपाय करतो. बोल्ट न्हाय म्हटल्यावर पायाच्या जोरानं आपसूक सैल हुतंय." म्हणजे वरवंटा नको, घण नको, तेल नको, मेहुणाही नको. नुसते दूध आणावयास जाणे पुरे होते.

मग एका हाती बरणी, दुसऱ्या हाती क्रँक, ऐशा बाईसाहेब घरास आल्या. पिराजीरावांनी क्रँक कपाळास लाविला आणि स्वतः पळत जावोन दोन किलो मटण आणिले. इतक्यात राव वांगी घेवोन आले. ओट्यावर क्रँक पाहिला, पिशवी खाली ठेविली आणि छाती काढोन बोलिले की, "मीच ठोकून ठोकून ढिला केलता, म्हणून निघाला!" लाज नामे वस्तू त्या घरी पुरुषांचे वाट्यास आली नाही, ऐसे दिसते.

पिराजीरावांनी आम्हांस गॅलरीतून साक्षीस बोलाविले आणि शपथ काय होती ते विचारिले. आम्ही जशीच्या तशी म्हणोन दाखविली. म्हातारा खुलला, आणि निवाडा दिला की, "क्रँक निघाला, घर सुटलं. पर तुझ्या हातानं न्हाय निघाला. तवा तू हाईस तिथंच." राव गयावया करोन म्हणाले की उजवा अजून आहे, तो बोल्टाविना चालवोन काढितो. त्यावर वर्षाराणीसाहेब कांदा चिरीत शांतपणे वदल्या, "पायानं न्हाय. हातानं म्हणालायसा."

दुपारी पंगत बसली. तांबडा आला, पांढरा आला, आणि कागलचे व्याही खूष होवोन रावांस आग्रह करू लागले, "घ्या की पावणं, लाजताय काय?" राव ताटातील वांग्याकडे पाहोन म्हणाले, "आज मला वांगंच ग्वाड लागतंय." आम्हांस आवतण होते. आम्ही तीनदा रस्सा घेतला, आणि तिन्ही वेळा रावांकडे पाहोन घेतला.

येणेप्रमाणे डावा क्रँक सर जाहला, फत्ते सौभाग्यवती वर्षाराणीसाहेबांची, ती येथे नोंदविली. आज दुसरा बुधवार. उजव्या क्रँकात काही खोट नाही, तो काढण्याचे काही कारण नाही. पुलर तीस पावलांवर आकारामाचे दुकानी खिळ्यास टांगिलेला आहे. समोरून मसाल्याचा वास येतो आहे, आणि अंगणातून ठण् ठण् आवाज येतो आहे.