रेवणअण्णांची लाल रेघ

छोट्या आगगाडीत मिशा फुटलेली पोरं बसवणारा पार्कवाला अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आमचे रेवणअण्णा.

अण्णांचं चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड. उरलेल्या पाइपांतून त्यांनी चार पाळणे आणि एक आगगाडी केली, शेजारच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा डायनासोर उभा केला आणि माझ्याकडून बोर्ड रंगवून घेतला, 'रेवण फन वर्ल्ड, शाखा पहिली'. दुसरीचा पत्ता नव्हता. मी पेंटर, सांगाल ते रंगवतो, पण जीभ गप्प बसत नाही. विचारलं, तर म्हणाले, "आपली चेन हाय. वाढणार की." महिन्याभरात डायनासोरची शेपटी गळाली, आता तो म्हशीसारखा दिसतो. अण्णा कानडीत "इरली बिडो" म्हणाले, म्हणजे असू दे. त्यांच्या लेखी तेवढ्यात दुरुस्ती झाली.

दोन-तीन वर्षांनी दुसरी शाखा मोहोळला निघाली, आणखी तेवढ्याच वर्षांनी तिसरी टेंभुर्णीला. आम्ही सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, अक्कलकोटला काढा, दर्शन झालं की पोरं पाळण्याकडंच पळतात. छे! चेन वाढणार ती पुण्याच्या रोडनंच. आणि प्रत्येक उद्घाटनाची फीत कापणार तो पुण्याचा नातू. तो कधी आला नाही. गाडीत त्याला उलटी होते, लई लांब पडतं, असा अण्णांच्या मुलाचा फोन यायचा आणि कात्री माझ्या हातात यायची.

सगळ्यात भारी आगगाडीचा नियम. गेटवर मी लाल रेघ मारायची आणि रेघेखालच्या पोरांनाच गाडीत बसवायचं. रेघ कुठं, ते टेपनं नाही ठरत. अण्णा स्वतःच्या अंगावर तळवा आडवा धरतात. चिंचोळीला कमरेशी धरला, मोहोळला छातीशी, टेंभुर्णीला थेट हनुवटीखाली. गाडी मात्र तेवढीच, टीचभर. टेंभुर्णीत चाचणीला दहावीतलं एक पोरगं बसलं, ते गुडघे कानाशी येऊन डब्यात अडकलं. दोघांनी ओढून काढलं. हा किस्सा मी गावभर सांगितला, दर वेळी थोडं मीठमसाला लावून.

टेंभुर्णीच्या उद्घाटनाला पाहुणे पेढे खाऊन कंटाळले, तरी अण्णा रस्त्यावर उभे. पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघत होते. मग फोन आला. यंदाही लांबच पडत होतं. गेल्याच महिन्यात हेच लोक गोव्याला गाडीनं गेले होते, अण्णांनीच मला फोटो दाखवले होते. माझ्या जिभेवर आलं होतं, पण अण्णांचं तोंड बघून गिळलं.

फीत मीच कापली. पाहुणे गेल्यावर अण्णा रेघेपाशी येऊन उभे राहिले.

"पेंटर, कमरेएवढा असताना बघितलेला त्याला," ते म्हणाले. "पुढचं समदं अंदाजानं. फोनवर नुसतं तोंड दिसतं, उंची कुटं कळतीया."

मला माझ्या किस्स्यांची लाज वाटली.

"इंदापूरला जागा बघितलीया," अण्णा म्हणाले. "तितनं पुणं जवळ." आणि त्यांनी तळवा हनुवटीखालून उचलून कपाळाशी धरला. "तवर एवढा व्हईल न्हाय?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो, "बरोबर तेवढाच."

मी त्या पोराला कधी पाहिलेलंसुद्धा नाही.