मंडप लवकर आला

माझं अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही वाईट, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंतच झाली. नंतर हातात खडू आला तो कापडावर खुणा करायचा. वाचताना अडलात तर माफ करा. पण गुंडाप्पा अण्णांविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

अण्णांना बसून वाजवता येत नाही.

मुरूम गावात ते आमच्या शेजारी राहतात, एकटेच. तीस वर्षं वरातीच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतायत, आणि वरातीत सगळं चालत चालत. पाय थांबले की अण्णांची फुंकही थांबते.

वरात मंडपाशी पोचली की बँड बंद, चाल अर्धी राहिली तरी. म्हणून काहीही बिघडलं की अण्णा म्हणतात, "चाल चुकली न्हाय, मंडप लवकर आला." एसटी हुकली, मंडप लवकर आला. पिठलं करपलं, मंडप लवकर आला.

असे हे अण्णा बावन्नाव्या वर्षी उमरग्याला कॉलेजात संगीत शिकायला गेले! बारावीचं सर्टिफिकेट पेटीत होतंच. गल्ली हसली. "अण्णा, आता वरातीत पुस्तक उघडून वाजवणार काय?" अण्णांना फिकीर नाही. संध्याकाळी एसटीतून उतरले की आधी माझ्या दारात. मी ब्लाऊज शिवते, मशीन दाराशीच असते.

"ताई! नवरदेव मंडपाकडं निघताना मी वाजवतो ना, त्याला भूप म्हणत्यात! तीस वर्षं वाजवतोय आन् नाव आज कळलं बगा!"

हरवलेली म्हैस सापडावी तसा चेहरा. दुसऱ्या दिवशी नवीन.

"वादी सूर म्हंजे नवरदेव. संवादी म्हंजे करवला, त्याला सोडून हलत न्हाय. आन् विवादी म्हंजे रुसका जावई. लई जपून बोलवायचा."

संगीताच्या इतिहासाच्या तासाला सरांनी विचारलं, "तुमचं घराणं कोणतं?" वरातीत जनरेटरचा गाडा मागून येतो. अण्णा म्हणाले, "जनरेटरच्या पुढचं."

अडलं ते प्रात्यक्षिकाला. सरांनी सतरंजीवर बसवलं, तर आवाजच फुटेना. "बरं, उभे राहून वाजवा." अण्णा उभे राहिले, भूप सुरू झाला, आणि पायही सुरू झाले. दार, व्हरांडा, पायऱ्या, थेट सायकल स्टँड! मागून सगळा वर्ग.

सर म्हणाले, "गुंडाप्पा, परीक्षक तुमच्या मागं चालत येणार नाहीत. नापास व्हाल."

त्या दिवशी अण्णा मंडपाचं वाक्य बोलले नाहीत. परीक्षेचा फॉर्मही भरून झाला होता. लग्नसराई अजून लांब, म्हणून फीचे हजार रुपये मीच उसने दिले होते.

मग एकदा बँडच्या कोटाची उसवलेली जरीची किनार शिवून घ्यायला आले. मी चहा ठेवायला आत गेले, ते मशीनसमोर बसले. आतून ऐकते तर भूप! बाहेर येऊन बघते तर अण्णा बसलेले, पाय माझ्या मशीनच्या पायडलवर, खालीवर, खालीवर. बसल्या जागी वरात चालली होती!

"अण्णा, तुम्ही बसलाय!"

"बोलू नका ताई, पाय थांबतील!"

परीक्षेच्या दिवशी सुई आणि पट्टा काढून मशीन टेम्पोत चढवली. तिच्यावर माझा जीव, म्हणून मीही बसले. परक्या माणसापुढं मी मान वर करत नाही, आणि त्या दिवशी अख्ख्या कॉलेजातून मशीनचं एक टोक धरून गेले! पोरं विचारत होती, "मावशी, शिवणाची परीक्षा आहे का?"

दोन परीक्षक होते. एकमेकांकडं बघितलं, पण बसा म्हणाले. अण्णांनी पाय टाकले आणि असं वाजवलं की मी दारात उभी राहून मान वर केली. चाल रंगात आली, तेवढ्यात एक परीक्षक म्हणाले, "वा! पुरे, पुढचा विद्यार्थी."

अण्णांनी जागच्या जागी क्लॅरनेट खाली घेतली.

येताना अण्णा टेम्पोत मशीनला टेकून बसले. मी म्हटलं, "वा म्हणाले की, पास होणार तुम्ही."

"व्हय. पण तीस वर्षांत एक चाल शेवटपर्यंत वाजवली न्हाय, ताई. वाटलं, कॉलेजात पुरी ऐकत्यात." मग थोडं हसले. "तितंबी मंडप लवकर आला."

जूनमध्ये निकाल लागला. पास! अण्णा दुपारी पेढे आणि एक पिशवी घेऊन आले. पिशवीत दहाच्या नोटा. वरातीत नाचणारे नवरदेवावरून ओवाळून बँडवाल्याला देतात त्या, गुलाल लागलेल्या. मी मोजल्या. शंभर.

अण्णा उठेनात. मशीनकडं बघत म्हणाले, "ताई, येळ हाय का?"

मी पट्टा काढला, हातातलं ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि खाली बसले.

मशीनसमोर बसून त्यांनी वाजवलं. सावकाश, मग जोरात, मग पुन्हा सावकाश. पाय आपोआप हळू होत गेले आणि शेवटच्या सुरावर थांबले. सूर मात्र चालूच होता. नंतर तोही संपला.

मी उठले. गठ्ठ्यातली एक नोट घेतली, अण्णांवरून ओवाळली आणि त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी क्लॅरनेटच्या पेटीत अस्तराखाली ती घडी करून ठेवली, डोळे बाहीला पुसले आणि खिशातून दुसरी दहाची काढून माझ्या गठ्ठ्यावर ठेवली.

"दहा कमी पडले व्हते ताई. आता पुरे झाले."