बुरुल एनेने हलवलेलं दार

कोणत्याही उपचारकेंद्राची प्रगती तिथे आलेल्या पाहुण्यांवरूनच मोजावी लागते, कारण मुलं काही सांगत नाहीत. या मापाने नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातलं स्वमग्न मुलांचं दिवसकेंद्र फारच प्रगत होतं. मुलं पाच, पाहुणे अगणित.

केंद्रात एका रांगेत तीन खोल्या. दाराशी कोट-बुटांची, मधली शिकवण्याची, आणि पार आत शांत खोली. जमिनीवर लोकरीचा जाड नमदा, ओढलेले पडदे, आवाजाला मज्जाव. त्या पाचांतला तिलेक तिथे मेंढीच्या घोट्याची हाडं ओळीने मांडत बसे. ओळ पुरी झाली की स्वतःच्या हाताने चमचा उचलून जेवे. घरी त्याने आजवर चमच्याला बोट लावलं नव्हतं. त्याच्या आजीने, म्हणजे सगळ्या गावाच्या बुरुल एनेने, ही बातमी खोरंभर मिरवली. (पाहुणे उगाच येत नाहीत. कोणीतरी मिरवावं लागतं.)

आता पाहुणा मानाच्या जागी, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब बसतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. शांत खोलीहून लांब जागा केंद्रात नव्हती. पाहुणे तिथे बसले. नियमात खोट नाही. बेशबार्माकची, म्हणजे मटण-शेवयांची, परात आली, मानाचं मेंढीचं डोकं आलं, लांबलचक आशीर्वाद झाले. आयती मांडलेली हाडं पाहून जिल्ह्याच्या शेर्गाझी साहेबांना बालपणीचा हाडं टिपायचा खेळ आठवला आणि त्यांनी एका फटक्यात ओळ उडवली. (साहेबांचा नेम अजून चांगला आहे.)

तिलेक कोटांच्या ढिगाखाली शिरला तो निघेना. चमचा बंद. साहेबांनी शेरा लिहिला, ‘मुलं अतिशय शांत. एकही दिसलं नाही.’ दर आठवड्याला नवे पाहुणे, नवी मेंढी, तोच ढीग.

केंद्राची शिक्षिका गुलबारा दबकत म्हणाली, "एने, पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं तर?"

"दाराशी? माझ्या गावात? आधी मला पुर पोरी, मग बसव."

"आणि तिलेक?"

एने उठली आणि पावलांनी खोल्या मोजत पार आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या दोन्ही मुलग्यांसह पहारी घेऊन केंद्रावर हजर. पाहुणा हलवता येत नाही, रीत त्याहून नाही. दार मात्र लाकडाचं असतं. तिने जुनं दार विटांनी बुजवलं आणि दुसऱ्या टोकाला, शांत खोलीच्या भिंतीत, नवं पाडलं. शांत खोली आता उंबऱ्याशी आली. आत जायची वाट आणि तिलेकची जागा यांच्या मधे नमद्याचा पडदा टांगला. थोरला पुटपुटला, "आई, लोक हसतील." एने म्हणाली, "हसू देत की. लांब बसून हसतील."

पुढच्या खेपेला शेर्गाझी साहेब उंबऱ्याशी क्षणभरही न थांबता तडक आत गेले, आणि जिथे पूर्वी बूट काढत असत तिथेच मांडी घालून मेंढीचं डोकं स्वीकारलं. केंद्राचा विस्तार त्यांना पसंत पडला. तिकडे पडद्याआड ओळ पुरी झाली होती. चमचा ताटलीला लागल्याचा आवाज एनेने ऐकला आणि साहेबांना आणखी वाढलं.

तुम्हीही या. बूट पायरीवर काढा. आत येताच डाव्या हाताला, पडद्याआड, एक मुलगा जेवत असेल. तो तुम्हाला दिसायचा नाही. तुमचंही लक्ष मानाच्या जागेकडेच असेल, आणि एनेचा सगळा भरवसा त्यावरच आहे.