साहेबांची सात वचनं आणि इस्त्री खोलीतला पंखा

माणसाच्या हाताखाली चारपेक्षा जास्त माणसं आली की त्याला दोन गोष्टी लागतात: फिरती खुर्ची आणि तत्त्वं. खुर्ची भांडार विभाग देतो. तत्त्वं आणायला गावाबाहेर जावं लागतं.

आमच्या रुग्णालयाच्या धुलाई विभागाचे प्रमुख ती आणायला तीन दिवस तळ्याकाठच्या एका विश्रामगृहात शिबिराला गेले होते. (तिसऱ्या दिवशी नौकाविहार होता.) सोमवारी परतले ते सात वचनं घेऊनच. वर 'चांगल्या नेत्याची आपल्या टीमला वैयक्तिक वचनं' असा मथळा, खाली साहेबांची सही, आणि तळघरातल्या दमट हवेत कागद लिबलिबीत होतो म्हणून त्यावर प्लास्टिकचं आवरण. अकरा जणांना अकरा प्रती मिळाल्या. घड्या घालणाऱ्या ताईंनी आपली प्रत पाठ केली. त्यांना वाटलं, परीक्षा आहे.

मी या विभागाचा कारकून. किती चादरी आल्या, किती गेल्या आणि किती परत आल्याच नाहीत, हे लिहिणं माझं काम. तेव्हा पुढची आकडेवारी विश्वासार्ह समजावी.

पहिलं वचन होतं, 'माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं राहील.' आमच्या तळघरात थंड हवेचं यंत्र फक्त साहेबांच्या खोलीत आहे. दार उघडं ठेवल्यावर तासाभरात गारवा बाहेर आला आणि वाफ आत गेली. दुसरा कोणी असता तर त्याने मुकाट्याने दार लावून घेतलं असतं. साहेबांनी दाराखाली लाकडाचा ठोकळा घातला आणि स्वतः चौथ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत बसू लागले. दार आजही उघडं आहे. आत कोणी असेल, असं वचनात म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचून खात्री केली.

आता इस्त्री खोलीबद्दल. तिथे मावशी असतात, एकोणीस वर्षं. भट्टीसारख्या तापलेल्या रुळांमधून त्या दिवसाला साडेचारशे चादरी काढतात. खोलीला खिडकी नाही. गरम हवा बाहेर फेकणारा एक मोठा पंखा आहे आणि त्या वेळी तो पाच आठवडे बंद होता. भिंतीवरचं तापमापक पंचेचाळीसवर थांबलेलं असे, कारण त्यापुढे त्यावर आकडेच नव्हते. मावशींना एका आठवड्यात दोनदा भोवळ आली. दोन्ही वेळा त्या चादरींच्या ढिगावर पडल्या, त्यामुळे अपघाताची नोंद झाली नाही. चादरींची झाली (पुन्हा धुवायला, बावीस).

दुसरं वचन, 'मी तुमचं म्हणणं मनापासून ऐकीन', वाचून मावशी पाच जिने चढून गेल्या. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, फोन पालथा ठेवला आणि बावीस मिनिटं त्यांच्या डोळ्यांत बघून ऐकलं. मग शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्यांचंच म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडलं.

"म्हणजे मावशी, तुम्हाला गरम होतंय असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाही साहेब, होतं."

"हे तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, याबद्दल मी तुमचा आभारी आहे."

मावशी खाली आल्या तेव्हा आम्ही सगळे वाट बघत होतो.

"काय झालं?" धुलाईकाकांनी विचारलं. काका मोठी धुलाई यंत्रं चालवतात आणि स्वभावाने संशयी आहेत.

"ऐकलं."

"मग?"

"मग मलाच परत ऐकवलं."

साहेब कोणालाही 'नाही' म्हणत नाहीत, हेही इथे नमूद केलं पाहिजे (वचन तिसरं). त्या तिमाहीत त्यांच्याकडे एक्केचाळीस मागण्या गेल्या. 'नाही' म्हटलेल्या: शून्य. 'हो' म्हटलेल्या: शून्य. इतका समतोल मी चादरींच्या वहीत कधी पाहिला नाही.

आणि चौथं वचन तर डोळ्यांत पाणी आणणारं होतं: 'चूक झाली तर ती माझी, यश आलं तर ते तुमचं.' त्याच महिन्यात डॉक्टरांचे साठ अंगरखे धुताना आटले. पाण्याचं तापमान ठरवणारी कळ बिघडली आहे, हे काका दोन महिने सांगत होते. साहेबांनी सगळ्या डॉक्टरांसमोर ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली, आणि अशा काही शब्दांत घेतली की मुलांच्या वॉर्डातल्या वडीलधाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. टाळ्या झाल्या. काका मागून "पण ती कळ..." असं काहीतरी म्हणायला लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना प्रेमाने थांबवलं. आपल्या चुकीत ते दुसऱ्या कोणाला वाटा घेऊ देत नाहीत. कळ अजून तशीच आहे.

पंख्याचं म्हणाल तर दुखणं अगदी साधं होतं. पट्टा तुटला होता. नवा पट्टा वायरमनच्या पिशवीत पाच आठवडे होता. दुरुस्तीच्या फॉर्मवर एक सही मिळाली की तो बसवणार होता. मी फॉर्म भरून चौथ्या मजल्यावर नेला. साहेबांनी तो वाचला, हसले आणि पेनला टोपण लावलं.

"हा निर्णय मी का घ्यावा?" ते म्हणाले. "माझं सहावं वचन काय आहे?"

सहावं वचन होतं, 'मी निर्णय टीमवर सोपवीन.'

आम्ही जेवणाच्या सुट्टीत बैठक घेतली. पंखा दुरुस्त व्हावा, या बाजूने अकरा मतं पडली. विरोधात कोणीच नव्हतं. (ताईंनी दोन्ही हात वर केले होते, पण मत एकच धरलं.) ठराव घेऊन मी पुन्हा वर गेलो. साहेबांना भरून आलं. ते म्हणाले, "बघा, हा निर्णय आता तुमचा झाला. यावर मी सही केली तर तो माझा होईल. तुमच्या हातून तो हिसकावून घेणं मला जमणार नाही."

मी फॉर्म घेऊन खाली आलो. त्या दुपारी मावशींना तिसऱ्यांदा भोवळ आली आणि या वेळी चादरींचा ढीग दुसऱ्या बाजूला होता. कोपर तापल्या रुळाला लागलं. काकांनी यंत्र बंद केलं, ताई मलम आणायला धावल्या, मी वही घेऊन उभा राहिलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपरावर पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

"तो कागद दे इकडे."

"मावशी, तिथे प्रमुखांची सही लागते."

"निर्णय कुणाचा म्हणाले ते?"

"आपला."

"मग पेन दे."

त्यांनी सही केली, ठसठशीत, पूर्ण आडनावासकट. वायरमनने ती पाहिली, मावशींकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि शिडी लावली. अकरा मिनिटांत पंखा फिरू लागला. दिवस संपेपर्यंत तापमापकाचा पारा चौतीसवर आला. ताई उगाचच चारदा इस्त्री खोलीत जाऊन आल्या.

आठवड्याने वरच्या कार्यालयातून विचारणा आली: प्रमुखांच्या जागी ही सही कोणाची? आम्ही निश्चिंत होतो. चूक झाली तर ती साहेबांची, हे आवरणाखाली छापील होतं. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवून साहेबांना विचारलंसुद्धा. साहेब त्यासाठी मुद्दाम तळघरात आले होते.

"काका, चूक असती तर मी क्षणभरही विचार केला नसता," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता. "पण ही चूक नाही. हा निर्णय आहे. आणि निर्णय तुमचे आहेत."

मावशींना सात दिवस घरी बसवायचं ठरलं. पत्र मीच टाइप केलं. मावशींच्या आडनावात कार्यालयाकडून नेहमी एक काना राहून जातो. तो मी आठवणीने दिला. कर्तव्यात कसूर न करता जेवढं करता येण्यासारखं होतं, तेवढं मी केलं.

आठव्या दिवशी त्या कामावर आल्या, पदर खोचला, यंत्र सुरू केलं. मी उगीचच चादरी मोजत दारात उभा होतो.

"पत्र तूच लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शुद्ध लिहिलंयस," त्या म्हणाल्या आणि पुढची चादर रुळांत सरकवली. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. चादरींचा आकडा पाटीवर खडूने लिहून ठेवायच्या.

साहेबांची बढती झाली. ते आता त्याच तळ्याकाठी नव्या प्रमुखांना वचनं कशी द्यावीत हे शिकवतात, आणि चांगलं शिकवतात, असं ऐकतो.

हा सगळा वृत्तान्त मी लिहून काढला आणि शेजारच्या विभागांत वाचायला दिला. क्ष-किरण विभागाचे प्रमुख पोट धरून हसले आणि म्हणाले, "हा तर थेट आपल्या स्वयंपाकघराचा प्रमुख!" स्वयंपाकघराचे प्रमुख म्हणाले, "क्ष-किरणवाला हुबेहूब उतरलाय." आमच्या साहेबांनीही वाचला. त्यांना इतका आवडला की आपल्या वरिष्ठांना पाठवायला त्यांनी एक प्रत मागून घेतली.

वाचता वाचता तुमच्याही डोळ्यांसमोर कोणीतरी आलंच असेल. ते जे कोणी असतील, त्यांनीही हे कालच वाचलं. त्यांनी तुमचं नाव सांगितलं.