तात्या दिघ्यांची शर्यतीची मोटार

तात्या दिघे आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी माझा कप फोडला.

आम्ही दहिवलीला नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. आमचे हे कर्जतला, घाट चढणाऱ्या आगगाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर होते. तात्या शेजारी राहत. त्यांची लाकडाची वखार होती. पन्नाशी उलटलेली, मिशा भरघोस, आणि बोलायच्या आधी त्या मिशा हलायच्या. मी पितळी पेल्यातून चहा आणला. तात्यांनी पेल्याला हातच लावला नाही. त्यांची नजर कपाटाच्या काचेआड होती. तिथं आमच्या लग्नात आलेल्या निळ्या फुलांच्या कपबशा मांडलेल्या होत्या.

"वहिनी, त्या तिथं काय करताहेत?"

"जपून ठेवल्यात."

"ते दिसतंय. पण त्यांचं काम काय?"

मी मुकाट्यानं एक कप काढला, धुतला, त्यात चहा ओतला. तात्यांनी तो चवीनं संपवला आणि बशीत ठेवताना त्यांचा नेम चुकला. मी रडायच्या बेतात. ते खाली बसून तुकडे वेचत म्हणाले, "फुटला खरा. पण चहा पिऊन फुटला!"

"काम काय?" हा तात्यांचा जगाला एकच प्रश्न होता. त्यांच्याकडे रोजचं वरण चांदीच्या वाटीत असे. कोणाच्या दिवाणखान्यात खोळीतली सतार दिसली की ते तिथल्या तिथं खोळ काढायला लावत आणि घरातल्या कोणालाच ती वाजवता येत नाही असं कळलं की यजमानांवर असे रागावत, की जणू त्यांनी गाय बांधून उपाशी ठेवली आहे. लोक तात्या यायचे म्हटलं की आधी कपाटाला कुलूप लावत.

साहेब लोक गाशा गुंडाळून निघाले त्या वर्षी खंडाळ्याच्या एका साहेबाची मोटार तात्यांनी विकत घेतली. मोटार म्हणजे अगदी शर्यतीचीच. दोन माणसांची. वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, बॉनेट चामडी पट्ट्यानं आवळलेलं आणि नाक इतकं लांब, की वळणावर मोटारीचं तोंड आधी दिसे आणि तात्या मागाहून येत. आवाज तर असा, की पलीकडे कर्जतच्या बाजारात म्हशी दावी तोडायला बघत.

मोटार दारात उभी राहिली आणि गावाचे दोन तट पडले. बापूसाहेब वकील जपणाऱ्यांचे पुढारी. "तात्या, अशी वस्तू मुंबईतसुद्धा सहसा दिसायची नाही," ते म्हणाले. "ताडपत्री घालून ठेवा. दसऱ्याला काढा, झेंडू वाहा, पुन्हा आत ठेवा. पोरा-नातवंडांना दाखवायला राहील."

"पोरं-नातवंडं काय बघतील? ताडपत्री?" तात्यांच्या मिशा हलल्या. "अहो, ती घाट चढायला घडवलीय. तिचं काम तिला करू द्या."

दुसरा तट व्यवहारी लोकांचा. त्यांना मोटार वापरायला हवी होती, पण आपापल्या कामाला. एक जण वरातीसाठी मागायला आला. तात्यांनी त्याला विचारलं, "नवरदेव किती वेगानं नेणार?" तो म्हणाला, "वाजंत्र्यांच्या मागनं." तात्यांनी हात जोडले. भाताचे व्यापारी म्हणाले, मागं दोन पोती सहज बसतील. तात्यांनी त्यांना चहाही विचारला नाही.

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे. तात्या सगळं पेट्रोल साठवत आणि रविवारी सकाळी डोळ्यांना भलेमोठे गॉगल आणि गळ्याला मफलर लावून निघत. पळसदरी, खोपोली आणि तिथून बोरघाट थेट खंडाळ्यापर्यंत. वर पोचले की एक पेला पाणी पीत आणि परत येत. खंडाळ्यात त्यांचं कोणीही नव्हतं. आमचे हे म्हणत, "आमच्या इंजिनाला निदान वर न्यायला डबे तरी असतात!"

एका रविवारी मोटार बैलजोडीनं ओढत आणावी लागली. बापूसाहेब मुद्दाम पुलापर्यंत चालत आले. "सांगत होतो ना मी?"

तात्या चक्र धरून ताठ बसले होते, पुढं बैल चालले होते. "मोडलीय, गंजलेली नाही," ते म्हणाले आणि बैलवाल्याला पुढं चल अशी खूण केली.

तात्यांचा आवाज मात्र मी एकदाच चढलेला ऐकला. छप्पर नाही म्हणून बापूसाहेब तात्यांच्याच ओट्यावर बसून चारचौघांत त्या मोटारीला हसत हसत "बोडकी" म्हणाले. तात्या उठून उभे राहिले. "हा शब्द माझ्या दारात पुन्हा उच्चारायचा नाही!" मिशा थरथरत होत्या. बापूसाहेबांना कारण कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि जीभ चावली.

आत गोदूताई होत्या. गोदूताई ही तात्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आतच कपाळ पांढरं झालेली. वडील सुधारकी वृत्तीचे, त्यांनी तिला पुण्याला ठेवून नर्सचं शिक्षण दिलं. तिथल्याच इस्पितळात ती बाळंतिणींच्या विभागात कामाला लागली. तेवढ्यात तात्यांची बायको गेली, मागं रांगता मुलगा. "चार महिने ये," असं तात्यांनी कळवलं. ती आली ती आलीच. तो मुलगा वाढला, शिकला, मुंबईला नोकरीला लागला, तिथं त्याचा संसारही झाला. गोदूताई चूल, देव आणि तात्यांची चांदीची भांडी यांच्यातच राहिल्या. चिंच लावून त्या ती भांडी अशी लखलखीत घासत, की बघत राहावं.

भातं कापून झाली होती. दुपारची वेळ, मी त्यांच्याच ओटीवर तांदूळ निवडत होते. खोपोलीच्या वाटेवरच्या, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतला कोंडू धावत आला. तो तात्यांच्या वखारीत लाकडं आणून टाकी.

"तात्या, माजी बायको कालपासून अडलेली हाय. सुईण म्हनतं, आता आपल्या हातात नाय. डाक्टरकडं गेलो तं ते मुंबईला गेलेत. मोटार द्या, तिला कुटंतरी नेतो."

"अशा अवस्थेत तिला या गाडीत घालणार? हाडं खिळखिळी होतील तिची," तात्या म्हणाले.

आतून गोदूताई हात पुसत आल्या. कोंडूला त्यांनी चार प्रश्न विचारले. आवाज इतका निराळा, की मी तांदूळ निवडायची थांबले. मग त्या आत गेल्या आणि एक कातडी पिशवी घेऊन आल्या. "तिला आणायची नाही. मी जाते. दादा, गाडी काढ."

"तू? अगं, किती वर्षं झाली…"

"गाडी काढ म्हणते ना!"

पुढचं मला गोदूताईंनीच सांगितलं. पुढं दोघं बहीणभाऊ, आणि मागच्या जादा चाकावर कोंडू, चाकाला मिठी मारून. तात्यांनी त्या दिवशी जी मोटार हाणली, ती बोरघाटातही कधी हाणली नसेल. कोंडू सबंध रस्ताभर कुलदैवताचं नाव घेत होता. मधेच "डावीकडं!" असं ओरडायचा आणि पुन्हा देवाला लागायचा.

वाडीत पोचल्यावर तात्या सवयीनं कारभार बघायला पुढं झाले. गोदूताईंनी त्यांना झोपडीच्या दारातच अडवलं. "बाहेर थांब. पाणी उकळ, भरपूर. आणि बडबड नको." एवढा वखारीचा मालक, पण तीन दगडांच्या चुलीशी उकिडवा बसला. धूर झोंबायला लागला तेव्हा गॉगल चढवून फुंकत राहिला. वाडीतल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. आतून गोदूताईंचा आवाज येत होता. धीर देणारा, मधूनच दटावणारा, पण कुठंही न डळमळणारा. तात्यांनी बहिणीचा तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

ऊन कलताना मूल रडलं. मुलगी झाली होती. आई थकलेली, पण सुखरूप.

परतताना पळसदरीच्या चढावर गोदूताई म्हणाल्या, "दादा, कपाचं काम विचारतोस, सतारीचं विचारतोस, या पत्र्याच्या डब्याचं विचारतोस. माझं काम काय, ते आज बघितलंस का?"

तात्यांनी मोटार बाजूला घेतली आणि बंद केली. मग म्हणाले, "मी तुला चार महिने म्हणालो होतो, नाही?"

"हो."

एवढंच. तात्यांनी मोटार पुन्हा सुरू केली.

त्या आठवड्यात तात्या रविवार नसताना पुण्याला गेले. इस्पितळातल्या मोठ्या बाईंना भेटून आले. बाईंना गोदूताई आठवत होत्या. बातमी फुटली आणि बापूसाहेब समजूत घालायला आले. "दिघ्यांच्या घरची बाई या वयात नोकरी करणार? लोक काय म्हणतील? आणि तुमचं कसं व्हायचं?"

"लोकांचं लोक बघतील. माझं मी बघेन," तात्या म्हणाले. "ती जाणार."

गोदूताईच डगमगल्या. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "दादाला पाण्याचा तांब्यासुद्धा हाताला द्यावा लागतो गं. राहू का?" तात्यांनी ते बाहेरून ऐकलं असावं. थोड्या वेळानं त्यांनीच गोदूताईंची ट्रंक उचलून मोटारीच्या मागं दोरखंडानं बांधली आणि गाठीवर गाठ अशी मारली, की सोडता सुटू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. मी गोदूताईंच्या कपाळाकडे बघत क्षणभर थांबले, मग कुंकू लावलं. त्यांनी लावू दिलं. तात्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच बॉनेटचा पट्टा आवळत बसले.

तात्या तिसऱ्या दिवशी परतले. संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मागच्या दाराशी खाकरल्याचा आवाज आला. बघते तो तात्या उभे. हातात पातेलं, पातेल्यात निवडलेले, धुतलेले तांदूळ. मिशा हलल्या.

"या ना तात्या, जेवायलाच बसा इथं," मी म्हटलं.

"नको नको. जमवायचंय मला." त्यांनी पातेलं माझ्यापुढं धरलं. "तेवढं सांगा वहिनी. एका माणसाच्या भाताला पाणी किती घालतात?"