अण्णांची भांडी वाळेनात

आमच्या अण्णांच्या घरी मातीकामाचं शिबिर पाच दिवसांचं ठरायचं आणि आठवड्याच्या आत कधी संपायचं नाही. पाहुणा कलाकार पुण्याचा असो की बडोद्याचा, त्यानं परतीचं तिकीट दाखवलं की अण्णा ते उलटसुलट बघून परत करायचे आणि म्हणायचे, "घाई काय हाय? गाड्या रोजच सुटत्यात की."

अण्णा मूळचे गुळाचे व्यापारी. ढेपेवर अंगठा दाबून माल कसा आहे ते सांगायचे. मुलं यंत्रमागाच्या धंद्यात कबनूरला गेली तसं त्यांनी दुकान आवरलं. पुढे कुठल्याशा प्रदर्शनात चाकावर भांडं उभं राहताना त्यांनी पाहिलं आणि झालं! परसात चार चाकं आणि एक भट्टी आली. दर शिबिरात स्वतः पहिल्या चाकावर बसायचे. पण अंगठ्याची सवय सुटली नाही. भांडं जरा उभं राहिलं की अण्णा ते दाबून बघायचे. भांडं बसायचं. "कच्चा माल हाय," म्हणून तोच गोळा पुन्हा चाकावर.

मी चंदगडकडचा, घरातला पहिला बी. ए. कोल्हापुरात शाळेत लागलो तेव्हा खोली शोधत हिंडत होतो. बाकीच्या घरमालकांनी गाव, जात, लग्नाचा विचार, सगळं विचारून घेतलं. अण्णांनी एकच विचारलं, "मास्तर, मातीत हात घालाल न्हवं?"

"शेतकऱ्याचा पोरगा आहे मी."

"मग वरची खोली तुमची."

माझं बी. एड. मी त्यांच्या सोप्यात बसून केलं. पुस्तक उघडलं की न बोलता शेजारी चहा यायचा. त्या उपकारांपोटी मी प्रत्येक शिबिराला बसायचो आणि दरवर्षी एक वाकडी पणती करायचो.

पाहुणा थांबवायच्या अण्णांच्या नाना तऱ्हा होत्या. तांबडा-पांढरा रस्सा मिळेल या आशेनं आलेल्या माणसाला अण्णा स्वतःच्या हातानं खपली गव्हाची गोड हुग्गी करून वाढायचे आणि "उद्या ह्याच्यापरास ब्येस करतो" असं सांगून एक दिवस पदरात पाडून घ्यायचे. बडोद्याच्या एका गृहस्थांना नव्या कोल्हापुरी चपला भेट दिल्या आणि निघायच्या दिवशी तेल पाजून मुरत ठेवल्या. जुन्या शिवायला दिलेल्या. गृहस्थ दोन दिवस अनवाणी परसात फिरले.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात पुण्याच्या नीलाताई आल्या. बोलणं मोजकं, हात विलक्षण. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेएवढा रांजण उभा केला. अण्णांनी अंगठा पुढे केला, तसा त्यांनी तो हळूच बाजूला सारला. सहाव्या दिवशी त्यांना निघायचंच होतं. पुण्यात घराला रंग द्यायला माणसं येणार होती.

"रंगारी सांगितलेल्या दिवशी आलेला बघितलायसा कधी?" अण्णा म्हणाले.

"आमचा येतो," ताई म्हणाल्या.

भट्टी पाचव्या दिवशी लावायची होती. ओलं भांडं भट्टीत फुटतं, म्हणून ते आधी पुरतं वाळावं लागतं. आणि यंदा भांडी वाळेनात. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि शेडमधल्या भांड्यांना हात लावावा तर गार!

"अण्णा, मे महिन्यात हे काय?"

"पंचगंगेची माती हाय ताई. तिला घाई चालत न्हाय."

पाचव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे सोप्यात लवंडले होते. मी पाणी प्यायला परसात गेलो, तर अण्णा तांब्या घेऊन भांड्यांवरची गोणपाटं भिजवत होते. एकेका गोणपाटावर अगदी बाळाला न्हाऊ घालावं तसं हातानं पाणी सोडत होते.

"बघितलंसा? मग आता गप बसा की, मास्तर."

मी गप्पच बसणार होतो. ज्यांचा चहा पिऊन शिकलो, त्यांची चहाडी कशी करणार? पण माझ्या पाठीमागे नीलाताई उभ्या होत्या.

"रोज शिंपडता?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. धोतराला हात पुसले. 

"भट्टी लागली की संपलं, ताई. भांडी निघत्यात, जो तो आपापलं उचलून जातोय. दुसऱ्या दिवशी हितं चिटपाखरू न्हाय. आमची कारभारीण गौरव्वा हुती तवर निदान भांडाय तरी कोण हुतं. आता मास्तर शाळंत गेलं की ह्या घरात माझंच खोकलणं मला ऐकू येतंय." मग सावरून म्हणाले, "चुकलं माझं. आज उन्हात ठिवतो सगळी. उद्या भट्टी लावू, परवा तुम्ही मोकळ्या."

त्यांनी खरंच गोणपाटं काढायला सुरुवात केली. मीही हात लावला.

नीलाताई रांजणापाशी गेल्या. त्याच्या काठावरून एकदा हात फिरवला. अण्णांच्या पाण्यानं तो अजून मऊच होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी दाबून तो आत ढकलला. पोट बसलं, काठ मोडला, पाहता पाहता नुसता ढीग झाला.

"अहो ताई!" अण्णा ओरडले. "असलं देखणं भांडं! काय चुकलंवतं त्यात?"

"चुकलं होतं. पुन्हा करावं लागेल. चार दिवस तरी जातील."

"कुठं चुकलंवतं?"

"ते मला कळतं."

अण्णांनी एकदा त्या ढिगाकडे बघितलं, एकदा ताईंकडे. मग खाली बसले, बाह्या वर सारल्या आणि माती मळायला घेतली.