बंद फाटक आणि लांब डिकीची गाडी

"माझ्यासारखी नजर शतकात एखाद्यालाच मिळते," थोरले साडू म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. "मी माणसाकडे बघतच नाही, साडूबुवा. माणसाच्या आरपार बघतो. तुम्ही उंबऱ्यात पाऊल टाकलंत आणि मी ओळखलं, की तुम्ही पायी आलात, धावतपळत आलात, आणि तुमच्या घरात काहीतरी बिनसलंय."

धाकटे साडू गाडीने आले होते आणि बराच वेळ खाली गाडीतच बसून हिंमत गोळा करत होते. पण तिसरी गोष्ट खरी निघाली, म्हणून त्यांनी पहिल्या दोन सोडून दिल्या.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढंच यांचं नातं. एरवी धाकटे या माणसाकडे सल्ला मागायला मेले तरी गेले नसते. थोरल्यांची सगळी नोकरी बस आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत गेली होती. लोक छत्र्या, डबे, क्वचित एखादी कवळी बसमध्ये विसरायचे. कंडक्टर ती आणून द्यायचा आणि मालक येऊन घेऊन जायचा. थोरल्यांनी स्वतः जन्मात एक टाचणीसुद्धा शोधली नव्हती. पण "माझ्या हातून हजारो वस्तू सापडल्या" असं ते छातीठोकपणे सांगत, आणि सांगता सांगता त्यांना ते खरंही वाटू लागलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, पडदा अर्धा ओढून घेतला आणि ते गुप्तहेर झाले. बायकोने विरोध केला नाही. स्वयंपाकघरात लुडबुड करण्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं.

"बोला," थोरले म्हणाले. "काही लपवू नका. मात्र आटोपशीर सांगा. आणखी एक फार नाजूक प्रकरण माझ्या हातात आहे. एक सज्जन गृहिणी. तिचा नवरा हल्ली मांजराच्या पावलांनी घरी येतो. नाव विचारू नका. गुप्तता म्हणजे गुप्तता."

"चोरून घरी येतो? स्वतःच्या बायकोवर पाळत ठेवायला?"

"तसंच दिसतंय."

"नीच माणूस!" धाकटे मनापासून म्हणाले.

"मीही तेच म्हटलं," थोरले म्हणाले. "हं, तुमचं सांगा."

धाकट्यांनी सांगितलं. त्यांचा धंदा फरशांचा. दुकानोदुकानी नमुने घेऊन फिरायचं, म्हणून गाडी लांब डिकीची लागते. पुढे घरदार बसतं आणि मागे फरशा. जुनी गाडी डिझेलची. म्हातारी झाली होती. चालू केली की गल्लीतली तावदानं थरथरायची आणि मागून असा धूर निघायचा की आईला खोकल्याची उबळ यायची. शेवटी त्यांनी एक दिवस घरात कुणाला न विचारता ती व्यापाऱ्याकडे नेली आणि तशीच, तेवढ्याच लांबीची पेट्रोलची गाडी घेऊन आले. काय गाडी! लोणी नुसतं. सिग्नलला उभी असली की इंजिन चालू आहे की बंद, हे काट्यावर बघून ठरवावं लागायचं.

"मग दुःख कसलं?"

"फाटक," धाकटे म्हणाले. "अहो, इतकी वर्षं मी फिरतीवर. येण्याची वेळ ठरलेली नाही. पण गल्लीच्या वळणावर आलो की फाटक उघडत असायचं. ही दारात उभी. वडील सपाता घेऊन पायरीवर. आत आईने चहा टाकलेला. फाटकाची कडी कशी असते हेसुद्धा मला माहीत नव्हतं हो! आणि नवी गाडी आल्यापासून फाटक बंद. मी उतरतो, उघडतो, गाडी आत घेतो, पुन्हा उतरून लावतो. आत गेलो की सगळे माझ्याकडे भूत बघितल्यासारखे बघतात. चहाचा पत्ता नाही. त्यांना न विचारता गाडी दिली, त्याचा राग आहे तो. पण नुसता राग असता तर भांडले असते. कुणी भांडतही नाही. त्या घरात आता माझी वाट कुणी बघत नाही, साडूबुवा."

थोरले विरघळले. मन वाईट नव्हतं त्यांचं. डोकं तेवढं जागेवर नसायचं.

"व्यापारी म्हणाला, शनिवारपर्यंत जुनी गाडी ठेवतो, वाटलं तर बदलून न्या," धाकटे म्हणाले. "मला पेट्रोलचीच हवी आहे. पण फाटक बंद राहणार असेल तर नको मला ती."

"शनिवारच्या आत गुन्हेगार तुमच्यासमोर उभा करतो," थोरले म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी धाकट्यांच्या शर्टाचा वास घेतला. खांद्यापासून मनगटापर्यंत. "वाटलंच! वास!"

"आंघोळ केलीय हो मी."

"डिझेलचा वास येत नाही, तिथेच मेख आहे. इतकी वर्षं तुमच्या घराने डिझेलच्या वासावर प्रेम केलं. तुम्ही फक्त तो वास घरी घेऊन येणारे हमाल होता."

हे ऐकायला बरं नव्हतं, पण बुडत्याला काडीचा आधार. त्या संध्याकाळी धाकटे दोन्ही बाह्यांना डिझेल चोळून घरी गेले. फाटक बंद होतं. बायकोने त्यांना हॉलमध्ये पाहिलं, ती दचकली, मग तिने नाक दाबलं आणि न बोलता न्हाणीघराकडे बोट केलं.

"उत्तम," दुसऱ्या दिवशी थोरले म्हणाले. "म्हणजे वास निर्दोष ठरला. गुन्हेगार वगळत जाणं हीच माझी पद्धत."

पुढचे दोन दिवस थोरले धाकट्यांच्या घरासमोरच्या मेंदीच्या कुंपणात जाऊन बसले. डोक्यात पानं खोचलेली, गळ्यात दुर्बीण, पायाशी थर्मास. शेजारची मोलकरीण जाता-येता त्यांना "बसा काका" म्हणायची. तिसऱ्या दिवशी ते टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "म्हातारा!"

"माझे वडील?"

"रोज संध्याकाळी खिडकीत उभे राहतात आणि हात कानामागे धरतात. असा. हा इशारा आहे. कानाला हात म्हणजे फोन कर. कुणी? व्यापाऱ्याने! दोघांचं संगनमत आहे. तुम्हाला छळून छळून जुनी गाडी परत आणायला लावायची."

धाकट्यांनी व्यापाऱ्याला गाठून आडून आडून विचारलं. व्यापारी म्हणाला, तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही, आणि ती डिझेलची गाडी आवारातून कधी एकदा जातेय असं मला झालंय, कामगारांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

"मग एकच शक्यता उरते," शुक्रवारी थोरले हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पडदा पूर्ण ओढला, त्यामुळे त्यांना खुर्ची दिसेना आणि ते टेबलावरच टेकले. "मन घट्ट करा. तुमचं फाटक संध्याकाळी उघडतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमची बायको पदराला हात पुसत धावत बाहेर येते. हसतमुख! वडील सपाता घेऊन येतात. आतून आई ओरडते, चहा टाकलाय गं."

"कुणासाठी?"

"कचरागाडीवाल्यासाठी."

बाईमाणसाबद्दल असलं बोलणाऱ्याच्या एक ठेवून द्यावी असं धाकट्यांना वाटलं, पण सपाता? चहा? त्यांच्या सपाता त्या मेल्या कचऱ्याच्या ट्रकवाल्याला? "दाखवा मला," ते म्हणाले. "आजच्या आज."

संध्याकाळी दोघे पेट्रोलच्या गाडीत गल्लीच्या तोंडाशी, झाडाआड बसले. मागे फरशांचे नमुने, पुढे डोक्यात पानं खोचलेले थोरले. बराच वेळ काही घडलं नाही. मग मागून कचऱ्याचा ट्रक आला. जुना, डिझेलचा, अंगातला खिळा न् खिळा हलवत. तो खडखडत त्यांना ओलांडून वळणावर पोचला आणि फाटक उघडलं.

अगदी पूर्वीसारखं. बायको दारात. हसरी. तिच्यामागे वडील, हातात सपाता. ट्रक आला, आणि न थांबता खडखडत पुढे निघून गेला. धाकट्यांना बायकोचा चेहरा दिसला. हसू कसं पुसलं गेलं, ते दिसलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग तिने फाटक लावलं. वडील सपाता घेऊन परत आत गेले.

"थांबला नाही," थोरले कुजबुजले. "धूर्त आहे. आपल्याला पाहिलं असणार."

धाकट्यांनी गाडी चालू केली. रागाने चालू केली, पण ती लोण्यासारखीच चालली. बंद फाटकापाशी गाडी उभी करून, उतरून, कडी काढून ते तडक स्वयंपाकघरात गेले. मागोमाग थोरले, पानं गाळत.

आई ओट्यापाशी चहा मोरीत ओतत होती. तिने वळून पाहिलं आणि तिच्या हातून भांडं पडलं.

"मेल्या!" आई छातीवर हात ठेवून म्हणाली. "चोरासारखा काय येतोस रोज? जीव जाईल एखाद्या दिवशी माझा!"

"मी चोर?" धाकटे कडाडले. "माझ्या सपाता कचरागाडीवाल्याला, आणि चोर मी?"

बायको धावत आली. नवऱ्याला पाहून दचकली, आणि मग तिची नजर मागच्या पानांवर गेली.

"भावोजी!" ती म्हणाली. "यांना सांगितलंत होय? मी तुम्हाला शपथ घातली होती ना! अहो, मी काय केलंय म्हणून तुम्ही असे पाळत ठेवायला पावलं न वाजवता येता? गाडी विकलीत, एका शब्दाने बोलले का मी? तरी रोज चोरून येऊन बघता, मी काय करते ते!"

धाकटे हळूहळू थोरल्यांकडे वळले. "ती सज्जन गृहिणी..."

"नाव विचारू नका," थोरले म्हणाले.

"ही माझी बायको आहे!"

"तुम्हीच ओळखलंत. मी सांगितलेलं नाही."

"आणि तो नीच माणूस मी?"

"तो शब्द तुमचा होता, साडूबुवा."

"म्हणजे दोघांच्या तक्रारी तुमच्याकडे होत्या, भावोजी, आणि तुम्ही..."

"एका प्रकरणातली माहिती दुसऱ्यात वापरायची नाही, हे माझं तत्त्व आहे," थोरले ताठ होऊन म्हणाले. "म्हणून तर एका कुंपणात दोनदा बसलो."

दोघंही एकदम बोलू लागले. वडील कानामागे हात धरून "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" विचारू लागले. शेवटी आईने पडलेलं भांडं उचलून ओट्यावर आपटलं, तेव्हा शांतता झाली.

"अरे, तुझ्या त्या नव्या गाडीला आवाज आहे का?" आई म्हणाली. "जुनी वळणावर आली की इथं कपबशा हलायच्या. मग मी चहा टाकायची, ही फाटकाला धावायची. आता तू कधी येतोस ते आम्हाला कळायचं कसं, स्वप्न पडणार का? रोज त्या मेल्या ट्रकला भुलून चहा टाकते आणि ओतून देते. मघाशी तेच तर करत होते."

धाकट्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मला ठाऊक असायचं हो, ट्रक असणार म्हणून," बायको खाली बघत म्हणाली. "पण खडखड ऐकली की पाय थांबायचे नाहीत."

इतकी वर्षं धाकट्यांना वाटायचं की फाटक आपोआप उघडतं. घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम करता करता एक कान रस्त्याकडे लावून बसलेला असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी बायकोने पुढे केलेलं पाणी घटाघटा प्यायलं.

"शेवटी माझाच तर्क खरा ठरला," थोरले म्हणाले. "मुळाशी डिझेलच होतं." आईने त्यांच्या डोक्यातली पानं काढून केरात टाकली आणि सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.

गाडी पेट्रोलचीच ठेवायची, हे चहा संपायच्या आत ठरलं. येताना फोन करत जाईन, असं धाकटे म्हणाले. वडील म्हणाले, मला फोन ऐकू येत नाही. मग हॉर्न वाजवतो. तर बायको म्हणाली, हॉर्न काय, सगळी दुनिया वाजवते, तुमचा कुठला ते कसं कळायचं?

शनिवारी संध्याकाळी धाकटे गल्लीच्या वळणावर आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि फरशांचा एक मान्यवर विक्रेता मोठमोठ्याने ओरडू लागला, "घर्रर्र! खडखडखड! घर्रर्र! फट्!"

फाटक उघडलं. बायको दारात आली आणि हसत सुटली. वडील सपाता घेऊन पायरीवर आले. आतून आई ओरडली, चहा टाकलाय गं.

मागून कचऱ्याचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हरने काळजीने डोकं बाहेर काढलं.

"साहेब, गाडी बिघडली का? फार वाजतेय."

"नाही हो," फाटक धरून उभी असलेली बायको म्हणाली. "आज कुठे दुरुस्त झालीय."